रंगवालीची काचपट्टी

मित्रांनो, उचलायला दोन हात लागावेत असा मी जुन्या घडणीचा, जड सूक्ष्मदर्शक आहे. एका इस्पितळाच्या तपासणीखोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी पंचवीस वर्षे गेली. नवा होतो तेव्हा सगळे माझ्या भिंगांची तारीफ करायचे. पण मला खरी जवळची माणसे दोनच. एक, माझ्यातून बघणाऱ्या डॉक्टरबाई. दुसरी, मला रोज मऊ फडक्याने पुसणारी तंत्रज्ञ. ती काचपट्टीवरच्या पेशींना जांभळा-गुलाबी रंग द्यायची, म्हणून सगळे तिला रंगवाली म्हणत.

मी किती पेशी पाहिल्या याची गणती नाही. निरोगी पेशीत काही राखणदार प्रथिने असतात. आत बिघाड असेल तर ती पेशीला एकाची दोन होऊ देत नाहीत. पण गर्भाशयाच्या मुखाशी एक विषाणू शिरतो. बहुतेकदा शरीरच त्याला हुसकावून लावते. एखाद्या वेळी मात्र तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि त्या राखणदारांनाच निकामी करतो. मग पेशी थांबायचे विसरते. तिच्यातली गुणसूत्रे दोन टोकांना सारखी वाटली जायची, ती कधी तीन टोकांना ओढली जातात. अशा वेड्यावाकड्या वाटणीतून हळूहळू कर्करोग उभा राहतो. त्याला वर्षे लागतात, म्हणून वेळेवर तपासले तर तो अडवता येतो.

"इतक्या बायकांच्या पेशी रंगवतेस. स्वतःची तपासणी कधी केलीस?" डॉक्टरबाई विचारायच्या.

"मला काय धाड भरलीय, बाई? सवड मिळाली की करते."

दहा वर्षे तिला सवड मिळाली नाही.

एका सोमवारी सकाळी तिने माझ्याखाली एक काचपट्टी ठेवली. एरवी ती लगेच दुसऱ्या कामाला लागायची. त्या दिवशी तिथेच उभी राहिली. बाईंनी बराच वेळ पाहिले.

"फार उशीर केला गं हिने. घरच्यांना बोलावून घे."

"घरी लेकच आहे, बाई. बारा वर्षांची."

बाईंनी झटकन मान वर केली. पट्टीवर नुसता क्रमांक होता.

"मला बघू द्या," रंगवाली म्हणाली. खुर्चीत बसून तिने माझे चाक फिरवले. तीन टोकांना ओढली जाणारी एक पेशी मी तिला स्वच्छ दाखवली. खोटे दाखवणे मला जमत नाही.

"रंग छान उतरलाय," एवढेच ती म्हणाली.

उपचार झाले. आठ महिन्यांनी ती गेली. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आणि मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर धूळ साचली. ती कोणी पुसली नाही.

काल डॉक्टरबाई रंगवालीच्या लेकीला घेऊन आल्या. तिला त्या विषाणूवरची लस नुकतीच टोचली होती. दंड चोळत तिने विचारले, "आईला का नाही दिली ही सुई?"

"तिच्या लहानपणी ही लस नव्हती, बाळा."

"मग काहीच नव्हतं?"

बाई खाली बघू लागल्या. "तपासणी होती," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईला, मावशीला, आत्याला विचारा, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केली का? त्या "सवड नाही" म्हणतील. तुम्ही हट्ट सोडू नका.