सात नंबरच्या गाडीखाली

“व्हॉल्व्ह काय, आज ना उद्या सापडेल, पण एकदा उखडलेले ब्लॉक पुन्हा तसेच्या तसे बसत नाहीत,” काकासाहेब म्हणाले, आणि बागेत मांडलेल्या वीस-बावीस प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून संमतीची हलकी कुजबुज फिरली.

चांदपाशा उभेच होते. त्यांच्या हातात खांद्याएवढी उंच लोखंडी चावी होती. तिच्या खालच्या टोकाच्या खोबणीत जमिनीतल्या व्हॉल्व्हचे डोके बसवायचे, गल्लीगल्लीला दर आठव्या दिवशी ठरल्या वेळी पाणी सोडायचे आणि ठरल्या वेळी बंद करायचे, हा त्यांचा चौतीस वर्षांचा उद्योग. रविवारची सकाळ होती, कॉलनीच्या रहिवाशांची सभा होती आणि विषय पार्किंगचा होता. पाणी विषयपत्रिकेवर नव्हते.

“काकासाहेब, खालच्या गल्लीचं दोनदा पाणी हुकलं,” चांदपाशा म्हणाले. “आठ अन् आठ, सोळा दिवस झाले. लेकरंबाळं हायेत तिथं. मला फकस्त सा-सात ब्लॉक काढू द्या. मी सोता परत बसवून देतो.”

“कुठले सहा-सात?” वच्छलाबाईंनी विचारले. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि नापास होणार हे ठरलेल्या विद्यार्थ्याशी बोलावे इतक्या मायेने बोलत.

“अंदाजानं सांगतो ना, बाई.”

“अंदाजावर बाग खोदायची? नकाशा जोडून रीतसर अर्ज द्या. समिती विचार करील.”

रहिवाशांच्या चिंता खोट्या होत्या असे कोणी म्हणू नये. समोर खाजगी शिकवणी निघाली होती आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या दुचाकी फाटकांपुढे आडव्या लागत होत्या. कोणाच्या नव्या गाडीवर ओरखडा उठला होता, कोणाच्या काचेवर बागेतला चेंडू आला होता. प्रत्येक घरात एक गाडी होती तिथे दोन झाल्या होत्या, आणि दोन होत्या तिथे तिसरी येऊ घातली होती. तेव्हा बाहेरच्यांच्या अतिक्रमणापासून बाग वाचवण्यासाठी समिती स्थापन झाली. बागेचा पश्चिमेकडचा पट्टा रहिवाशांच्या गाड्यांना द्यावा, असा पहिलाच ठराव तिने एकमताने केला. बाहेरच्यांना त्यानंतर अतिक्रमणासाठी फारसे काही उरले नाही. सी-सॉ निघाला, बदामाचे झाड निघाले, माळ्याचा जुना नळ निघाला. त्या जागी राखाडी ब्लॉक बसले आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने एक ते चौदा आकडे पडले. मागच्या भिंतीवर कंत्राटदाराने समितीच्या आग्रहाखातर एक हिरवेगार झाड रंगवून दिले. त्यावर दोन पोपटही होते.

खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह त्या पट्ट्यात कुठेतरी होता.

चांदपाशांनी तो काम सुरू होण्याआधीच सांगितला होता. “खूण करून ठेवा, चाचा,” कंत्राटदार म्हणाला होता. त्यांनी भिंतीवर तांबड्या रंगाची फुली काढली. तिच्यावरून झाड गेले. ब्लॉक बसले ते दोन पाण्यांच्या मधल्या आठ दिवसांत. चांदपाशा आठव्या दिवशी चावी घेऊन आले तेव्हा पायाखाली एकसारखी, गुळगुळीत, अत्यंत स्वच्छ अशी जमीन होती.

नकाशा होता, एके काळी. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी ही वाहिनी टाकली गेली तेव्हा तो उर्दूत काढला होता. पुढे उर्दू वाचणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले, आणि वाचता न येणारा कागद जपून ठेवण्याइतकी श्रद्धा कचेऱ्यांत नसते. त्यामुळे नकाशा माणसांत राहू लागला. आधी हे काम करणाऱ्या नवाबचाचांनी तो चांदपाशांना पावलांनी शिकवला होता. नळापासून बदामाकडे बारा पावले, बदामाला पाठ लावून उजवीकडे सात. या विद्येला कागद लागत नसे. तिला लागत असे नळ आणि बदाम.

सभेत आणखी एक गोष्ट होती जी कोणी बोलले नाही. खालच्या गल्लीकडचा रस्ता बंद झाल्यापासून तिचे पाणी कॉलनीच्या वाट्याला येत होते. दोन्ही वेळा गच्चीवरच्या टाक्या भरून वाहिल्या होत्या, गाड्या धुऊन झाल्या होत्या, आणि उरलेल्या पाण्याने ब्लॉकही धुतले गेले होते. ही माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यापैकी कोणी खालच्या गल्लीचा थेंबही मागितला नसता. तो आपसूक आला होता, आणि आपसूक आलेल्या गोष्टीची चौकशी करणे हे त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हते.

फाटकाबाहेर चतुराबाई उभ्या होत्या. पिशोरहून लग्न होऊन त्या खालच्या गल्लीत आल्या होत्या आणि अकरा वर्षे काकासाहेबांकडे स्वयंपाक-भांडी करत होत्या.

“काय म्हनले मग?”

“नकाशा मागतेत.”

“पान्याला नकाशा लागतो व्हय?” त्यांनी चांदपाशांच्या चावीकडे आणि मग तोंडाकडे पाहिले. “चांदभाई, एक इचारू? राग मानू नगा. तुमी बी कालनीवाले झालात का? गल्लीत बाया बोलायल्यात, चांदपाशानं चावी इकली मनून.”

“कोन बोललं?”

“कोन नाय बोललं ते इचारा. परवा काकासाहेबाची टाकी धो-धो वाहायली व्हती. मी घागर लावाया गेले तर बाईसाहेब मनल्या, आदी भांडे उरक. भांडे उरकंस्तोवर टाकी बंद.” चतुराबाई हसल्या. “एवढं पानी वर चढतं, अन् खाली उतरायचं मनलं की त्याला अर्ज लागतो.”

चांदपाशांना हसता आले नाही. लासूर स्टेशनहून या शहरात आल्यापासून त्यांनी अनेक बोलणी खाल्ली होती. पाणी उशिरा आले तर, कमी आले तर, गढूळ आले तर. चावी विकल्याचे बोलणे आजवर कोणी लावले नव्हते.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी फोनवर सल्ला दिला, तो सद्भावनेचाच होता. समितीच्या परवानगीवाचून ब्लॉकला हात लावू नका. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, कशाला चौकशी लावून घेता?

“सही बोले साहब,” घरी बायको जमिला म्हणाली. “कायकू जान खपा रैं? दो महिने हैं. चुप बैठो घर में.”

“नवाबचाचा पूछे तो क्या बोलूँ?”

“उनो गुजरके बीस साल हो गए जी!”

“इसीच वास्ते तो. अब उनकू सब दिखता हुइंगा.”

तिसऱ्या पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला ते बागेत आले. मुख्य वाहिनीला पाणी सुटले होते. चौदा चौकोनांत चौदा गाड्या होत्या आणि चांदपाशांनी पावले मोजायचा नाद सोडून दिला होता. त्यांनी चावीचे एक टोक ब्लॉकवर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि डोळे मिटले. मग दोन हात पुढे. पुन्हा टेकवले, पुन्हा मिटले. बंद व्हॉल्व्हवर दाबाने आलेले पाणी बारीक शीळ घालते. नवाबचाचा म्हणत, पाणी आपला पत्ता स्वतः सांगते, फक्त ऐकणाऱ्याला घाई नको. चांदपाशा अकरा नंबरला ऐकत राहिले, नऊला ऐकत राहिले. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहून घरच्यांना फोन केला की वेळ मिळाला तर खाली या, गंमत आहे.

सातला शीळ आली.

सात नंबरची गाडी काकासाहेबांच्या धाकट्या मुलाची होती. तो अमेरिकेत होता आणि गाडी रुपेरी आच्छादनाखाली होती. ती इथे ठेवली तेव्हापासून हललेली नव्हती.

“ती हलणार नाही,” मागून काकासाहेब म्हणाले. लासूर स्टेशनकडे साठ एकर बागायत आणि शहरात तीन मजले असलेला हा माणूस रोज सकाळी बागेला आठ फेऱ्या मारत असे. “बॅटरी उतरलीय. चावी त्याच्याकडं राहिली. डिसेंबरात येईल तेव्हा बघू.”

“डिसेंबरला चार महिने हायेत.”

“मग? टँकर मागवा की त्यांना. मी सांगतो नगरसेवकाला.”

“काकासाहेब, तुमच्याच घरात भाकरी थापती ती बाई. सोळा दिस झाले तवा तुमाला सांगितलं. आज चोवीस झाले.”

“तिला मी नाही म्हणालो का कधी? घेऊन जाते ती घागर-दोन घागरी.”

चांदपाशांनी गाडीच्या कडेला उकिडवे बसून सोबत आणलेल्या पहारीचे टोक दोन ब्लॉकांच्या फटीत घातले.

“चांदपाशा, हे बरं नाही. वर कळवावं लागेल मला.”

“कळवा ना. नावाची गफलत व्हायला नको मनून सांगतो, शेख चांदपाशा. दोन महिने हायेत. जे लिवायचं ते लवकर लिवा.”

सहा ब्लॉक निघाले. खालची चुरी त्यांनी हातांनी उपसली. झाकण गाडीच्या पोटाखाली, एक हात आत होते. उभी चावी तिथे निरुपयोगी होती. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली, जमिनीवर पालथे पडले, खांद्यापर्यंत हात गाडीखाली घातला आणि झाकण बोटांनी बाजूला सारले. मग पिशवीतला आखूड पान्हा आत नेला. पाव फेरा फिरवायचा, पान्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. तेरा फेऱ्यांचा व्हॉल्व्ह होता, म्हणजे बावन्न वेळा.

“गाडीला हात लावू नका हं,” काकासाहेब म्हणाले. “कव्हर नवं आहे.”

दहाव्या पाव फेऱ्याला खांद्यात कळ आली. विसाव्याला त्यांनी कपाळ ब्लॉकवर टेकले आणि थोडा वेळ नुसता श्वास घेतला. तिसाव्याच्या पुढे शीळ बदलली, घोगरी झाली आणि मग पूर्ण विरून गेली. कॉलनीच्या दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारले, “अगंबाई, धार बारीक कशी झाली?” बावन्नाव्यानंतर बऱ्याच वेळाने उताराच्या खालून, भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज आला, आणि त्या आवाजात एका बाईने दुसरीला घातलेली शिवी, आधी मी, आधी मी.

“झालं ना?” काकासाहेबांनी घड्याळ पाहिले. “मग उठा आता. लोक फिरायला येतायत, बरं दिसत नाही.”

“पाऊन तासानं बंद करायचाय. पुन्यांदा उठायचं, पुन्यांदा झोपायचं, गुडघे नाय ऐकत आता. हितंच ऱ्हातो.”

काकासाहेबांची पाचवी फेरी राहिली होती, तीवर ते निघून गेले.

फिरणारे वाढले. एकाने विचारले, पडलेत का? दुसऱ्याने सांगितले, नाही, काहीतरी काम चाललेय. तिसऱ्या फेरीपासून कोणी विचारले नाही. पावले चांदपाशांच्या पायांपाशी आली की थोडा वळसा घेत आणि पुढे सरळ होत. चांदपाशांनी गाल ब्लॉकवर टेकवला होता. पान्हा त्यांनी सोडून दिला होता आणि उघडा तळहात व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवला होता. खालून पाणी जात होते. त्याची बारीक थरथर तळहातातून कोपरापर्यंत चढत होती.