चार वाजताची माफी

सैनिकांच्या वॉर्डात सिस्टरांची तीस वर्षं गेली होती. कडू औषध कसं गळी उतरवायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. वेळप्रसंगी खोटं बोलणं हेही त्या औषधातच धरत.

कॅप्टनचंच घ्या. म्हातारा रोज दुपारी चारला त्यांचा हात धरायचा आणि त्यांना ‘धाकट्या’ म्हणायचा. धाकट्या हा त्याचा लढाईतला सोबती. पाय तुटून पडलेला. न्यायला परत येतो, असं सांगून कॅप्टन गेला तो गेलाच. “मी आलो नाही रे,” एवढंच तो म्हणायचा. “झालं गेलं, मी माफ केलं,” असं सिस्टर म्हणाल्या की मग सूप, गोळ्या, सगळं निमूट. वर्षभर हे चाललं होतं. नव्या नर्सना सिस्टर हसून सांगत, सोंग घेतलं की ते वठवायचं.

एके दिवशी धाकट्याची बहीण भेटायला आली. तीही आता म्हातारी. भाऊ गोळी लागून जागच्या जागी गेला, असं तिला पत्राने कळवलं होतं. त्याच आधारावर तिने जन्म काढला होता. सिस्टरांनी तिला चहा पाजून चारच्या आत वाटेला लावायचं ठरवलं, पण कॅप्टन नेमका लवकर जागा झाला. बाईने सगळं ऐकलं. सिस्टरांचं उत्तरही ऐकलं.

दाराबाहेर आल्यावर ती रडली नाही.

“तुम्ही रोज माफ करता त्याला?”

“त्याशिवाय ते जेवत नाहीत हो, ताई.”

“पण कुणाला विचारून?”



दुसऱ्या दिवशी चारला कॅप्टनने हात धरला. “मी आलो नाही रे.” सिस्टरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जे आपलं नव्हतंच, ते आपण वर्षभर खुशाल वाटत होतो, याची त्यांना लाज वाटली. भीतीही वाटली. हा उपाशी राहिला तर पाप आपल्याच माथी. सूप निवून गेलं.

कॅप्टन त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्याने हात आणखी घट्ट धरला.

“आज तू खरा आलास,” तो म्हणाला. “स्वप्नातही असाच गप्प बसतोस. रोज एक बाई यायची, तुझ्या नावाने माफ करायची. तिला वाईट वाटू नये म्हणून मी आपला जेवायचो.”