नको म्हटलेला फोटो

फ्लॅशमामांचा मोबाइलवर काडीचाही विश्वास नव्हता. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस; परदेशात राहणाऱ्या आजारी बहिणीला भेटायला निघाला, तोही गळ्यात जुना रोलचा कॅमेरा अडकवून. रोल एकच, छत्तीस फोटोंचा. भाचीने नाक मुरडलं, पण ऐकतील तर ते मामा कसले!

ताईला दुखण्याने पार वाळवून टाकलं होतं. औषधांनी केस गेले, तेव्हापासून ती कुणाला फोटो काढू देत नव्हती, पोटच्या लेकीलासुद्धा नाही. मामांनी मात्र चार दिवस तिच्यामागे भुणभुण लावली. पाचव्या दिवशी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून खिडकीपाशी बसली आणि मामांनी पस्तीस फोटो काढले. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. पुन्हा भेट व्हायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रोलमध्ये एक फोटो उरला होता. तो वाया घालवणं मामांच्या रक्तात नव्हतं. त्याच दुपारी ते पाय मोकळे करायला बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत एक बाई चादरीची टोकं जुळवत उभी होती आणि तिच्यावर उजेड असा काही पडला होता की मामांना राहवेना. विचारायचं वगैरे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. स्टुडिओत माणसं आपल्या पायाने येतात, त्यांना काय विचारायचं? त्यांनी खटका दाबला.

बाई चादर टाकून बाहेर धावली. ती हातांनी 'नको, नको' अशा खुणा करत होती. मागोमाग लॉन्ड्रीचा मालक आला. त्याचं इंग्रजी मोडकं, मामांचं तोडकं. तरी हळूहळू उलगडा झाला. बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून आली होती आणि तो तिला गावोगाव शोधत होता. फोटोत दुकानाची पाटीही आली असणार. फोटो कुठे झळकला, तर नवरा दारात उभा राहायला वेळ लागणार नव्हता.

"पुसून टाका," मालक म्हणाला.

या कॅमेऱ्यात पुसता येत नाही, हे समजावताना मामांना घाम फुटला. "घरी गेल्यावर नेगेटिव्ह कापून टाकतो. शब्द देतो."

मालकाने तिला सांगितलं. ती कॅमेऱ्याकडे बघत तिथेच उभी राहिली.

मामांच्या स्टुडिओत एक नियम होता. गिऱ्हाइकाने नको म्हटलेला फोटो त्याच्या डोळ्यांदेखत कापायचा, नेगेटिव्हसकट. 'नंतर कापतो' म्हणणाऱ्या नोकरांना त्यांनी कितीदा फैलावर घेतलं होतं. आज तेच शब्द आपल्या तोंडून आले, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, भर उन्हात सगळा रोल ओढून काढला आणि ते भेंडोळं बाईच्या हातात दिलं. ती आत गेली. उजेड लागून ताईचे पस्तीस फोटोही गेले होते. मामा तिथल्याच पायरीवर बसले आणि ताईसाठी रडले.

घरी येऊन त्यांनी ताईला सगळं सांगून टाकलं. "कुठे नवा रोल मिळतो का बघतो. संध्याकाळी तू फक्त अर्धा तास बस."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "ती नको म्हणाली आणि तू ऐकलंस?"

"ऐकावंच लागलं ना."

"मी चार दिवस नकोच म्हणत होते रे."

मामांनी गळ्यातला कॅमेरा काढून बाजूला ठेवला. आपण तिची समजूत घातली, असंच ते इतका वेळ धरून चालले होते.

"चुकलं ताई."

ताईने त्यांना खुर्ची जवळ ओढायला लावली. मग तिने आपल्या हातांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला.

"बस असा समोर," ती म्हणाली. "घे बघून पोटभर."