न्हाणीघरातलं रोपटं

गज बनवणाऱ्याने उभ्या आयुष्यात व्हायोलिनचे गजच केले, आणि तेही पर्नांबुको नावाच्या लालसर लाकडाचे. ते झाड रानातून नाहीसं होत चाललंय हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनाला लागणं वेगळं. साठी जवळ आली तसं ते लागलं. जेवताना घास हातातच राहू लागला. शेवटी वनस्पती उद्यानातल्या ओळखीच्या बाईंकडून त्याने त्या झाडाचं एक रोपटं मागून आणलं आणि कुंडी कडेवर घेऊन घरभर जागा शोधत हिंडला. रोपट्याला ऊब हवी, ओलावा हवा, शिवाय ऊनही हवं. एवढी सगळी सुखं घरात एकाच ठिकाणी होती, न्हाणीघरात.

"गज होण्याजोगं व्हायला तीसेक वर्षं लागतील," त्याने बायकोला सांगितलं.

"तोवर आपण अंघोळ कुठे करायची?"

"त्याच्या शेजारी."

रोपटं जोमाने वाढलं. त्याला काटे आले. बायको पोट आत ओढून, भिंतीला चिकटून अंघोळ करू लागली. नवरा मात्र गरम पाणी सोडून वाफेत तासन्‌तास रोपट्याशी गप्पा मारत बसे. मग तिने आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ लाँड्रीवाला, अंगापिंडाने भरभक्कम.

"आधी अंघोळ उरकतो, मग भावोजींना चार शब्द सुनावतो," तो म्हणाला आणि आत गेला.

डोळ्यांत साबण गेला, तो टॉवेल चाचपडत मागे सरकला, आणि शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

तो सोफ्यावर पालथा पडला होता आणि बहीण चिमट्याने एकेक काटा उपसत होती. गज बनवणारा भिंग घेऊन वाकला.

"मुळासकट निघाले का?"

"निघाले," लाँड्रीवाला कण्हला.

"झाडावरून म्हणतोय मी."

"आता घरात एक तर ते राहील, नाहीतर मी," बायको म्हणाली. गज बनवणारा विचार करू लागला. तो जरा जास्तच वेळ करू लागला, तसा मेहुण्याने उशीतून तोंड वर काढलं.

"खरंच इतकं दुर्मीळ आहे हे?"

"रानात शोधूनही मिळणं मुश्कील."

आपल्याला असंतसं नाही, दुर्मीळ झाड टोचलंय, हे कळल्यावर मेहुण्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग माझ्याकडे द्या. लाँड्रीत दिवसभर वाफच वाफ, आणि वर काचेचं छप्पर."

लाँड्रीत रोपट्याचं माहेरपण सुरू झालं. मेहुणा त्याची पानं पुसायचा, गिऱ्हाइकांना काट्यांची हकिकत रंगवून सांगायचा. खुणा दाखवणं तेवढं बहिणीने बंद करवलं. गज बनवणाऱ्याला करमेना, म्हणून तो धुतलेल्या चादरी पुन्हा चुरगळून धुवायला नेऊ लागला. पण कुंडीजवळ गेला की मेहुणा आडवा येई.

"लांबून, भावोजी. तुमचा धंदा मला माहीत आहे."

"अहो, मीच आणलंय ते."

"बोकड खाटीकच आणतो."

बायकोने मध्ये पडून तडजोड घडवली. आता गज बनवणाऱ्याला आठवड्यातून एकदा पाणी घालता येतं. मात्र त्याआधी मेहुणा त्याचे खिसे तपासतो. परवा खिशात पेन्सिल निघाली. लाकडाची म्हणून तीही काढून घेतली.