सिनेमातल्या सुऱ्याचा जीव टांगणीला

मी एक जुना सुरा आहे. पण घाबरू नका मित्रांनो, माझ्या हातून आजवर साधं लिंबूसुद्धा कापलं गेलेलं नाही. मी सिनेमातला सुरा. माझ्या मुठीत स्प्रिंग आहे. मला कुणाच्या छातीवर दाबलं की पातं गुपचूप मुठीत शिरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, गेला बिचारा! धार मला नाहीच. टोक मात्र आहे, कॅमेऱ्यासमोर चमकावं म्हणून लोहाराने मन लावून घासलेलं.

किती खून केले मी! मेलेली माणसं लगेच उठून चहा प्यायची आणि म्हणायची, "झकास सुरा आहे हो, काका!" काका म्हणजे आमचे सामानवाले. सिनेमात लागणारी छत्री, फोन, पिस्तूल, सगळं त्यांच्या ताब्यात. खोटं रक्त म्हणजे लाल रंग घातलेला साखरेचा पाक. तो मला लागला की काका हातातलं काम टाकून मला गरम पाण्याने धुवायचे.

मग तो सिनेमा आला. प्रेमाचा, हसवणारा, आणि त्यात एक खून. नव्या नवरीला संशय येतो, खुनी आपला नवराच! ती त्याच्या छातीत सुरा खुपसते आणि तो खदखदून हसतो, कारण सुरा खोटा. नायक-नायिका खरोखरचे नवरा-बायको होते. पण तिची आई दवाखान्यात असताना तो "शूटिंग आहे" म्हणून गेला नाही, आणि शूटिंगला तर सुट्टी होती, हे तिला कळलं. झालं! बोलणं बंद.

"काका, त्यांना सांगा, गाडी मी नेतेय."

"काका, तिला म्हणावं, खुशाल ने. मी पायी जाईन."

हेलपाटे घालून काकांचा पिट्टा पडला. एकदा एका प्रसंगात मी पाकाने माखलो होतो. काका पाणी तापवत होते, तेवढ्यात पुन्हा हाक आली. त्यांनी मला फडक्याने पुसलं, पेटीत टाकलं आणि धावले. पाक माझ्या मुठीत झिरपत गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेटी उघडली. पाक वाळून दगड झाला होता. स्प्रिंग जागची हलेना. पातं ताठ! आणि आज नेमका सुरा खुपसायचा प्रसंग. काका, अहो काका, एकदा दाबून बघा ना मला! पण त्यांचं चित्त त्या दोघांच्या निरोपांत. त्यांनी मला तसंच तिच्या हातात दिलं.

तिचा हात तापला होता. दिग्दर्शक ओरडला, "बाई, राग दिसू दे! जोरात मारा, सुरा खोटाच आहे!"

अरे बाबा, आज नाही रे मी खोटा!

तिने मला वर उचललं. समोर पातळ शर्ट, आत वरखाली होणारी त्याची छाती. तिथे मी शिरणार होतो. मी, ज्याने कुणाला कधी ओरखडा काढला नाही! मला निसटून पडायचं होतं, पण तिची मूठ सैल होईना.

त्याने तिच्याकडे बघत राहायचं होतं. पण त्याने डोळे गच्च मिटले आणि तोंड फिरवलं.

तिचा हात हवेतच थांबला. "तुला माझी भीती वाटली?" कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली.

"वाटली," तो म्हणाला. "मी वागलोच तसा. दवाखान्यात पाय ठेवायला मी घाबरतो गं. आईंना तसं बघायची हिंमत झाली नाही, आणि तुला सांगायची लाज वाटली."

"मूर्खा, मग हेच सांगायचंस ना!" ती रडत ओरडली आणि तिने मला शेजारच्या टेबलावर दाणकन आपटलं.

मी लाकडात रुतलो. उभाच्या उभा.

नायक माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या छातीकडे. काका मटकन खाली बसले. "पोरी, माझ्या हातून... माझ्या हातून..." ती मात्र आपल्या तळहाताकडे बघत होती. "मी मारणारच होते," ती म्हणाली. "जोरात मारणार होते."

मित्रांनो, तो सिनेमा लागला आणि लोक पोट धरून हसले. मला मात्र अजून कुणी मुठीला धरलं की तो पातळ शर्ट आठवतो. म्हणून विनवतो, वापरलेली वस्तू तशीच टाकून धावू नका. आणि ज्याच्यावर रागावलात त्याला निरोप धाडत बसू नका. समोर बसा आणि हवं तर कडाकडा भांडा. मी मुका होतो, म्हणून मला त्या दिवशी सांगता आलं नाही. तुम्हाला तर तोंड आहे ना?