चुकून रेखीव

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द आहे आणि तोही चुकलेला.

मी अर्धी वीत लांब, चार बोटं रुंद अशी एक जुनी लाकडी पाटी आहे. सध्या एका घड्याळजीच्या दुकानात, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळांशेजारी उभी असते. जन्म मात्र माझा खानावळीतला. आता तिथे चपलांचं दुकान आहे. जिथे माणसं पोटभर जेवून उठत, तिथे आता माणसं पाय मोजून घेतात.

खानावळ मामा-मामींची होती. ती दोघं नवराबायको. पण सगळा गाव त्यांना मामा-मामीच म्हणायचा. आठ टेबलं, रस्त्याकडे एक मोठी खिडकी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत ताटं पुढे सरकवायची एक चौकोनी झडप. स्वयंपाकघरात नवी फळी ठोकताना लाकडाचा एक तुकडा उरला. तो तुकडा म्हणजे मी. मोठ्या हॉटेलांत टेबलावर ‘राखीव’ अशी पाटी असते, तशी आपल्याकडेही हवी, असं मामांच्या मनात आलं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. मामा स्टुलावर चढलेले, ओठांत चार खिळे धरलेले. त्याच अवस्थेत त्यांनी शब्द सांगितला. रंगारी एका कानाने बहिरा, आणि मामा नेमके त्याच बाजूला.

त्याने पांढऱ्यावर लाल रंगाने लिहिलं, ‘रेखीव’.

मामांनी कपाळाला हात लावला. “अरे, काना खाल्लास की!”

“खानावळीत आल्यावर माणूस काहीतरी खाणारच, मामा,” रंगारी म्हणाला आणि ब्रश पुसू लागला.

तो दुरुस्त करून द्यायला तयार होता. पण मामी ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या, मला उचलून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “राहू दे. जागा राखायला आपल्याकडे कोण साहेब येणार आहे? रेखीव माणसं मात्र रोज येतात.”

तेव्हापासून मामींनी एक रीत पाडली. दुपारी माणसं जेवायला बसली की त्या झडपेतून एकेका चेहऱ्यावर नजर टाकायच्या. ज्याचा चेहरा उतरलेला, त्याच्यापुढे मला ठेवायच्या. मला कुणी मागायचं नाही आणि कारण कुणी विचारायचं नाही, एवढाच नियम. मी पुढे आले की त्या माणसाचं ताट आधी यायचं, आणि शेजारचा आपणहून पाण्याचा पेला भरून द्यायचा. पायांना सूज आलेल्या नर्सबाईंपुढे मी उभी राहिले आहे. निवृत्तीच्या दिवशी एकटाच जेवायला आलेल्या बसचालकापुढेही. मी ज्याच्यापुढे जाई त्याचा एका गलेलठ्ठ कारकुनाला फार हेवा वाटे. तो एकदा कुरकुरला, आम्ही काय ठोकळे आहोत का? आतून मामींचा आवाज आला, “तुम्ही भरीव आहात, भाऊ.” त्या दिवशी सगळी खानावळ घास हातात धरून हसली.

भांडी घासताना मामी गुणगुणत असत,

भुकेल्या माणसाला नको विचारू गं नाव,
दारात होता रंक, ताटापुढे झाला राव.

आमचे घड्याळजीही त्या काळी रोज यायचे. सतत भिंग लावून त्यांचा एक डोळा बारीक झाला होता, आणि एकदा त्या डोळ्यापायी मुलीकडच्यांनी नकार कळवला. त्या दुपारी मामींनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मला वाचलं, पुन्हा वाचलं, मग दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

पुढे चौकात काचेच्या दाराचं हॉटेल निघालं. आत गार हवा आणि छापील यादी. माणसं एकदा गेली, मग दुसऱ्यांदा गेली. मामींचं जेवण कुठे पळून जातंय, उद्या जाऊ, असं प्रत्येकजण म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही. शेवटच्या दुपारी खानावळीत एकही माणूस नव्हतं. मामींनी सवयीने झडपेतून पाहिलं, थोडा वेळ थांबल्या आणि मला खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर ठेवून आत गेल्या. तेवढ्यात घड्याळजी रस्त्यावरून चालले होते. दातांत नव्या हॉटेलातली काडी होती. त्यांनी मला पाहिलं आणि पाय उचलला.

सामान वाटून टाकलं तेव्हा घड्याळजींनी दुसऱ्याकरवी फक्त मला मागवून घेतलं. दोन वर्षांनी मामा गेले. मामी लेकीकडे राहायला गेल्या, तीनच गल्ल्या पलीकडे.

मित्रांनो, दुकानात आल्यापासून बारा वर्षं मी एक नवल पाहत आले. दुकानात येणारा प्रत्येकजण मला पाहून हळहळायचा. ती चव गेली ती गेलीच, म्हणायचा. खिडकी पूर्वेला होती की दक्षिणेला यावर लोक तावातावाने भांडायचे. एकदा मामींना भेटायला हवं, हेही म्हणायचे. आणि घड्याळ मनगटावर चढवून आपापल्या घरी जायचे. माझं कौतुक रोज व्हायचं, मी ऐकायचे. पण जिचं ते होतं, तिच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचत नव्हता.

एका सकाळी नर्सबाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. मामींना भेटून आल्याचं त्यांनी सांगितलं. मामी चुलीपाशी जात नाहीत. म्हणतात, गावात दुसरं काही नव्हतं म्हणून लोक माझं जेवायचे. दुसरं आलं तसे गेले. सगळा जन्म मी लोकांच्या नाइलाजावर काढला.

“तुम्ही सांगायचं ना त्यांना, तसं नव्हतं म्हणून,” घड्याळजी म्हणाले.

“सांगितलं. तर म्हणाल्या, तू नर्स, धीर देणं तुझं कामच.” बाईंनी पट्टा आवळला. “तू जा. तू सोडून गेलेला आहेस. तुझं खरं वाटेल.”

घड्याळजींनी भरदुपारी दुकान बंद केलं आणि मला सदऱ्याच्या खिशात घातलं. मामींच्या दारावरून ते दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा आत शिरले. खिशातून मला फक्त त्यांची छाती ऐकू येत होती आणि मटारच्या शेंगा सोलल्याचा आवाज.

“मामी, शेवटच्या दिवशी मी दारावरून गेलो. आत आलो नाही.”

“पाहिलं होतं मी,” मामी म्हणाल्या. शेंगा सोलणं थांबलं नाही.

घड्याळजी घाईघाईने बोलू लागले. त्या हॉटेलात पहिल्या आठवड्यातच पश्चात्ताप झाला, पण तोंड दाखवायची लाज वाटली. बारा वर्षांत तुमच्या कोबीसारखा कोबी कुठे खाल्ला नाही, अजून जिभेवर आहे.

“कोबी मामा करायचे.”

आणखी दोन शेंगा सोलून झाल्या.

“माझे बटाटे होते,” मामी हळूच म्हणाल्या.

“बटाट्यांचं मी कुणापुढे बोलत नाही, मामी. एकदा घरी बोललो, तर बायको दोन दिवस बोलली नाही.”

शेंगांचा आवाज थांबला. मग फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“बस इथे,” मामी म्हणाल्या. “काय काय म्हणालास तिला, ते नीट सांग. गाळू नकोस काही.”

मित्रांनो, मी शेवटपर्यंत खिशातच राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं. पण बारा वर्षं फळीवर उभी राहून जे शिकले, ते तुम्हाला सांगते. ज्यांच्या हातचं तुम्हाला आवडलं, त्यांच्या आठवणी एकमेकांत वाटून संपवू नका. उठा आणि त्यांच्याकडे जा. तुमच्याकडून भाजी चुकेल, वर्ष चुकेल, खिडकीची दिशा चुकेल. चुकू द्या. ‘ते माझं नव्हे, हे माझं’ म्हणून दुरुस्त करायला ती माणसं आहेत, तोवर जा.