‘बंद लिफ्ट’ची तिसरी गिटार

कुणी ‘बस’ म्हणायच्या आत ती तिसऱ्या खुर्चीवर बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खुर्चीवर बोटभर धूळ आहे. उठून पुसावी तर घाबरल्यासारखं दिसणार, न पुसावी तर नवी काळी पँट कामातून जाणार. तिने पँटवर पाणी सोडलं आणि गिटारच्या खुंट्या पिळायला घेतल्या.

“वय काय म्हणालीस?” समोरच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांची दाढी छातीवर रुळत होती आणि दाढी संपायची तिथून गिटार सुरू व्हायची.

“सोळा. पण जाहिरातीत ‘वयाची अट नाही’ असं लिहिलं होतं. मी फोटो काढून ठेवलाय, दाखवू?”

“ते साठीच्या पुढच्यांनी लाजू नये म्हणून लिहिलं होतं,” खिडकीपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या.

“मग तसं लिहायचं ना, मॅडम.”

“मॅडम शाळेत. इथे मावशी म्हण.”

“आणि मी काका,” दाढीतून आवाज आला. “अगं, ही पोरगी आहे की रेडिओ? अजून एक तार छेडली नाही आणि बातम्या सुरू.”

खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गालिचांचे तुकडे ठोकले होते, हिरवे, तपकिरी, एक चक्क गुलाबी. कोपऱ्यात किटली, तिच्याशेजारी रेकॉर्ड प्लेअर. एवढ्याशा खोलीतून तो सगळा आवाज निघतो यावर तिचा विश्वासच बसेना.

ही मंडळी तिला मात्र नवी नव्हती. आईच्या फोटोफ्रेमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने या तिघांच्या पाच रेकॉर्डची कव्हरं फ्रेम करायला दिली होती. कव्हरं भिंतीवर गेली, रेकॉर्ड मागे राहिल्या, आणि गिऱ्हाईक म्हणालं, ठेवून घ्या. कव्हरांच्या मागची माहिती तिला पाठ होती. काका अशा देशातले, जिथे थंडीत दुपारी तीनलाच दिवे लावतात. ते दिवसभर बसची इंजिनं दुरुस्त करायचे. मावशी एका बेटावरून बोटीने आलेल्या. इथली पहिली सहा वर्षं त्यांनी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना चमच्याने भरवण्यात काढली. तिसरे मास्तर. डोंगरातल्या देशात गणित शिकवायचे, इथे कुणी वर्गात उभं करीना म्हणून गिटार शिकवू लागले. एका हॉटेलला एक गिटारवाला हवा होता. तिघं एकाच दिवशी, एकाच वेळी, एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघत एकाच लिफ्टमध्ये शिरले आणि लिफ्ट मधेच बंद पडली. चाळीस मिनिटं अंधारात करणार काय? वाजवत बसले. नोकरी तिघांनाही मिळाली नाही, पण जमलेली तिकडी वीस वर्षं सुटली नाही.

आठ महिन्यांपूर्वी मात्र सुटली. एका मंगळवारी मास्तरांनी गिटार पेटीत ठेवली, म्हणाले, “मुलीकडे राहायला जातोय. नातवंडं आहेत,” आणि जिना उतरले. त्यानंतर या खुर्चीवर चार जण येऊन बसले आणि चारही जण तासाभरात परत गेले. पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता. हॉल ठरला होता, पोस्टर छापायचं राहिलं होतं, कारण तिसरं नाव नव्हतं.

ते नाव आपलं असावं, एवढंच तिला हवं होतं. वर्गातला पहिला नंबर खुशाल कुणीही न्या.

“काय वाजवणार?” मावशींनी विचारलं.

“तुमचं सगळं येतं.”

“सगळं?” काकांनी भुवई वर केली. “आम्हालाही येत नाही.”

पहिल्या रचनेत ती सुसाट सुटली आणि दुसऱ्याच वळणावर तिचं बोट भलत्या पडद्यावर पडलं. चुकीचा सूर खणकन वाजला. तिचे कान तापले. तेवढ्यात काकांनी तोच चुकीचा सूर वाजवला, आणि लगेच मावशींनीही. ती थांबली.

“चिडवताय होय मला?”

“थांबलीस कशाला?” मावशी म्हणाल्या.

“चुकले ना मी.”

“मग? आम्हीही चुकलो की तुझ्यामागे. तिघं चुकले की ती चूक राहत नाही, चाल होते. लिफ्टमधला नियम आहे हा. चुकलेल्याला एकटं सोडायचं नाही. चल, पुन्हा.”

तिने पुन्हा सुरू केलं. चुकीच्या सुराशी आली तेव्हा तो तिने मुद्दाम, ऐटीत वाजवला, आणि काकांच्या दाढीत काहीतरी हललं. दोन रचना झाल्या. मावशींनी खिडकी लावून घेतली. तिला वाटलं, हे चांगलं लक्षण आहे. चौघांपैकी कुणासाठी खिडकी लावली असेल असं वाटत नव्हतं.

“आता ‘बंद लिफ्ट’,” ती म्हणाली. “यात एक गंमत आहे, शेवटी ऐका.”

‘बंद लिफ्ट’ ही त्यांची सगळ्यांत गाजलेली रचना, आणि तिच्या शेवटच्या चालीच्या तीन फेऱ्यांतली पहिली मास्तरांची होती. एक लांबवलेला सूर, आणि तो विझता विझता त्यात बारीक थरथर. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालताना पाणी हिंदकळतं, तशी. एकसारखी नाही: दोन हेलकावे जवळजवळ, मग एक उशिरा, मग तीन घाईचे. या एका जागेसाठी तिने तीन आठवडे घालवले होते. आई काच कापता कापता ओरडायची, “अगं, तो सूर मेला असेल आता, सोड त्याला!” पण तिने सोडला नव्हता. आता तिने तो धरला, लांबवला आणि हलवला. दोन, एक, तीन. अगदी रेकॉर्डसारखा.

तिने विजयी मुद्रेने वर बघितलं.

दोघांचे हात थांबले होते. काका तिच्या बोटांकडे बघत होते.

“हे कुठून आणलंस?”

“रेकॉर्डवरून. शेवटच्या. मास्तरांची जागा आहे ना ही.”

“पुन्हा वाजव. फक्त तेवढंच.”

तिने वाजवलं. बाजूची दोन्ही वाद्यं गप्प होती, त्यामुळे या वेळी ते तिलाही वेगळं ऐकू आलं. नुसतं, उघडं.

“सैल नट,” काका हळूच म्हणाले.

“काय?”

“इंजिनाचा एखादा नट सैल झाला की असा आवाज येतो. धरून ठेवायला बघतो तो, पण राहत नाही.” त्यांनी मावशींकडे बघितलं. “आपण विचारलं होतं त्याला. ही जागा कुठली काढलीस म्हणून. म्हणाला, सुचली.”

मावशी लावलेल्या खिडकीकडे बघत राहिल्या. शांतता तिला कधीच सोसायची नाही, म्हणून ती बोलत सुटली.

“आधीच्या चार रेकॉर्डमध्ये ही जागा कुठेच नाही. शेवटच्या रेकॉर्डमध्ये पण सुरुवातीला नाही. चौथ्या रचनेत थोडी आहे, सहावीत जास्त, आणि ‘बंद लिफ्ट’मध्ये सगळ्यांत मस्त. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओळीने रेकॉर्ड केलं असेल ना, तर…” वाक्य तिच्या तोंडातच मंदावलं. “…तर हात दमत गेला असेल.”

“एका दिवसात केलं होतं,” काका म्हणाले. “ओळीने.”

“पण मावशी, तुम्ही पण करता ना तसंच. दुसऱ्या फेरीत. आणि काका अगदी शेवटी. मला वाटलं, तिघांनी मिळून बसवलंय.”

“मी?” मावशी म्हणाल्या. “मी नाही करत.”

काका उठले आणि त्यांनी रेकॉर्ड लावली. सुई बरोबर जागेवर टेकवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मास्तरांचा सूर आला, लांबला, हिंदकळला. मग चाल फिरून आली, आणि मावशींच्या गिटारमधून तीच थरथर आली, थोडी नीटनेटकी, पाठोपाठ चालणाऱ्या माणसासारखी. मग काकांची.

मावशींनी हात मांडीवर ठेवले आणि ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे बघितले.

“चहा अर्धाच कप घ्यायचा तो शेवटी शेवटी,” त्या म्हणाल्या. “मी टोमणा मारायचे, पूर्ण कप जड होतो का रे तुला? सहा वर्षं मी तेच हात बघत होते, चमचा सांडणारे. आणि शेजारी बसलेला दिसला नाही मला.”

“त्याला परत आणू,” काका म्हणाले. “दमला तर दमला. सांभाळून घेऊ. आपण दोघं आहोत ना.”

तिने खाली खुर्चीकडे बघितलं. आणणार म्हणजे याच खुर्चीवर आणणार. इथे चौथी खुर्ची नव्हती, आणि गिटारची तिकडी असते, चौकडी नाही. गप्प बसली असती, सरळ सूर लावून मोकळी झाली असती, तर एव्हाना पोस्टरवर नाव गेलं असतं. तिने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि आपली पेटी पायाने पुढे ओढली. आवाज न करता कुलपं उघडायची म्हटलं तर ती नेमकी खटकन उघडली.

“कुठे निघालीस?” काका म्हणाले.

“तुम्ही त्यांना बोलावणार ना.”

“बस खाली.”

काकांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मावशींपुढे धरला. मावशींनी नको म्हणून मान हलवली, तरी काकांनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. ज्याला कधी फोन करणार नाही म्हणून आठ महिन्यांपूर्वी शपथ घेतली होती, त्याची घंटा त्यांच्या मांडीवर वाजू लागली.

“हॅलो?” पलीकडून आवाज आला. मागे कुठेतरी एक मूल रडत होतं.

“मेल्या,” मावशी म्हणाल्या, “तोंड नव्हतं का तुला सांगायला?”

पलीकडे पावलं वाजली. मग दार लावल्याचा आवाज झाला.

“कुणी सांगितलं?”

“तुझ्याच सुराने. परत ये. आम्ही घेऊ सांभाळून.”

“तेच तर.” मास्तर शांतपणे बोलत होते, गणिताची पायरी समजावून सांगावी तसे. “तुम्ही ठेवून घेतलं असतंत. रेकॉर्ड घरी आणून ऐकली मी. तू माझ्यामागे थरथरत होतीस, तुझे हात ठणठणीत असताना. तो दाढीवाला पण. तुम्हाला कळलंही नव्हतं. अजून दोन वर्षं बसलो असतो, तर तिघांपैकी एकालाही सरळ सूर लागला नसता.”

“मग? तिघं चुकले की…”

“नाही गं,” मास्तर म्हणाले. “ही चूक तशी नाही.”

मावशींनी डोळे पुसले नाहीत. चष्मा काढला आणि ओढणीने काचा पुसत बसल्या. काकांनी फोन आपल्याकडे ओढला.

“पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, माहितेय ना?”

“माहितेय. कोण बसलंय आता खुर्चीवर?”

“एक पोरगी आहे. सोळा वर्षांची. तोंडाला कुलूप नाही, पण कान आहेत. तिनेच पकडलं तुला.”

“तिच्याजवळ ने फोन.”

काकांनी फोन तिच्या पुढ्यात, उघड्या पेटीवर ठेवला. एरवी शेजारपाजारचे सात जण एका वेळी बोलत असले तरी मधे तोंड घालणारी ती, आता नुसतं ‘नमस्कार’ म्हणाली.

“‘बंद लिफ्ट’चा शेवट वाजव,” मास्तर म्हणाले.

तिने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. कसा वाजवायचा हे त्यांनी सांगितलं नाही. तिने मावशींकडे बघितलं. त्या काचा पुसत होत्या. काकांकडे बघितलं, ते गालिचाच्या गुलाबी तुकड्याकडे बघत होते. तीन आठवडे घोटलेली जागा तिच्या बोटांत तयार बसली होती, दोन, एक, तीन. ती मास्तरांना ऐकवली तर त्यांना काय वाटेल? आणि नाही ऐकवली, तर त्यांना असं तर वाटणार नाही ना, की हिने आपलं एवढंही ठेवलं नाही?

तिने बोट तारेवर टेकवलं आणि सूर सोडला. तो लांबला, आणि तिने त्याला हात लावला नाही. सरळच्या सरळ, पातळ होत, गालिचांपर्यंत जाऊन तो संपला.

तिला वाटलं, लाईन गेली. तिने वाकून फोनच्या पडद्यावर बघितलं. सेकंद पुढे सरकत होते.

“अंगठा जड पडतोय तुझा,” मास्तर म्हणाले. “खालची तार दाबून टाकतेस. मनगट सोड. पुन्हा.”

मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपली गिटार उचलली.